सोडणे आणि सोसणे : 'स्मृतिचित्रे' आणि ख्रिस्ती क्षमाविचार

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'विषयी मराठीत जे लिहिले गेले आहे, त्यात प्रांजळपणा, विनोद आणि निरागसता हे तीन शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. तिन्ही शब्द खोटे नाहीत; मात्र तिन्हींनी मिळून या ग्रंथाचे एक अंग झाकून टाकले आहे. निरागस लेखिका अपमानांचा हिशेब ठेवीत नसावी असे गृहीत धरले जाते आणि विनोदी लेखिकेला झालेली जखम फारशी खोल नसावी असे वाटू लागते. (हसविणाऱ्या बाईला समीक्षक फार लवकर पसंतीची पावती देऊन मोकळे होतात.) वस्तुतः 'स्मृतिचित्रे' हा एका दुखावलेल्या स्त्रीचा ग्रंथ आहे. आपण कोठे, कधी आणि कोणाकडून दुखावलो, हे इतक्या तपशिलाने सांगणारे आत्मकथन त्या काळच्या मराठीत विरळाच. प्रश्न असा, की इतके सगळे सांगूनही या पुस्तकात कडवटपणा का नाही? या प्रश्नाचे उत्तर केवळ लेखिकेच्या स्वभावात शोधणे पुरेसे नाही. क्षमा या कल्पनेचा एक विशिष्ट, ख्रिस्ती परंपरेतून आलेला अर्थ येथे कार्यरत आहे. आणि तो अर्थ या पुस्तकात कोठेही प्रवचनाच्या रूपाने येत नाही, म्हणूनच त्याच्याकडे दुर्लक्ष झाले असावे.

घटनाक्रम परिचित आहे. १८६८ साली जन्मलेल्या मनकर्णिका गोखले यांचा विवाह वयाच्या अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी झाला. टिळक प्रतिभावान, उदार, लहरी आणि शीघ्रकोपी. संसार एका गावाहून दुसऱ्या गावी हलत राहिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या वेळी पत्नी त्यांच्याजवळ नव्हती; मुलगा दत्तू तीन-चार वर्षांचा होता. पुढील सुमारे पाच वर्षे पतिपत्नींची ताटातूट होती. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे गेल्या आणि १९०० साली राहुरी येथे स्वतः ख्रिस्ती झाल्या. टिळक १९१९ मध्ये वारले. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध होऊ लागले. १९३६ मध्ये लेखिकेचे निधन झाले. म्हणजे ज्या दुखापतीची ही कथा आहे, ती दुखापत आणि तिचे कथन यांत जवळजवळ चार दशकांचे अंतर आहे, आणि ज्याने दुखावले तो ऐकायला उरलेला नाही.

आजचा वाचक येथे एक शंका घेईल आणि ती घेण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. नवऱ्याने न विचारता आयुष्य उलटेपालटे करावे, बायकोने ते पोटात घालावे, आणि वर हसत हसत त्याच्या आठवणी लिहाव्यात, ही क्षमा म्हणायची की पातिव्रत्याचेच एक सुशिक्षित रूप? १९७५ नंतर स्त्रीवादी दृष्टीने जुन्या आत्मचरित्रांचे जे पुनर्वाचन झाले, त्याने ही शंका अपरिहार्य केली आहे. ती टाळून 'स्मृतिचित्रे'वर लिहिणे आता शक्य नाही. दुखावलेल्या माणसाला क्षमेचा उपदेश करणारे बहुधा दुखावणाऱ्याच्या बाजूचे असतात, हा अनुभव सर्व धर्मांतला आहे आणि ख्रिस्ती धर्मही त्याला अपवाद नाही.

शंकेचे मूळ काही अंशी शब्दातच आहे. संस्कृत 'क्षम्' या धातूचा मूळ भाव सहन करण्याचा, समर्थ असण्याचा. म्हणून पृथ्वीचे एक नाव क्षमा. ती नांगर सोसते, खणणे सोसते. मराठी मनाने क्षमेचा जो आदर्श जपला, तो याच भावातून घडला आहे. ज्ञानेश्वरांनी तेराव्या अध्यायात 'क्षांती'चे जे विवरण केले आहे, त्यातील पुरुष आघाताने विचलितच होत नाही. गोदावरीवरून स्नान करून येणाऱ्या एकनाथांवर थुंकणाऱ्याची आख्यायिका महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. नाथ दर वेळी शांतपणे पुन्हा स्नानाला जातात. या कथेचे सौंदर्य कोठे आहे? नाथांना अपमान लागतच नाही, यात. जेथे जखमच झालेली नाही, तेथे क्षमा करण्याजोगे काही उरत नाही. हा आदर्श थोर आहे. परंतु तो संताचा आदर्श आहे. सामान्य माणसाच्या, विशेषतः सामान्य स्त्रीच्या वाट्याला तो येतो, तेव्हा त्याचे रूपांतर सोशिकपणात होते. तिला जखम होते, पण झाली असे म्हणायचे नसते.

नव्या करारातील कल्पना वेगळ्या ठिकाणाहून निघते. मत्तयाने नोंदविलेल्या प्रार्थनेत मनुष्य देवाकडे जे मागतो, ती ऋणांची सूट आहे. आणि ती मागताना आपण आपल्या ऋणकोंना सूट दिली असल्याचे तो सांगतो. लूकच्या पाठात देवाकडे मागताना 'पाप' हा शब्द आहे. पण माणसामाणसांतील व्यवहाराकडे वळताच तेथेही ऋणाचीच भाषा येते. क्षमेसाठी वापरलेले ग्रीक क्रियापद 'अफिएमि' याचा साधा अर्थ सोडणे, जाऊ देणे, मोकळे करणे असा आहे. ऋण सोडायचे तर ते आधी आहे हे मान्य करावे लागते. किती आहे, हेही माहीत असावे लागते. आपल्या बांधवाला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा का, असे पेत्राने विचारले, तेव्हा येशूने सात वेळा नव्हे तर सत्तर गुणिले सात वेळा असे उत्तर दिले आणि लगेच एक दाखला सांगितला. त्या दाखल्यात राजा सेवकाला दहा हजार तालांतांचे कर्ज सोडतो आणि तोच सेवक बाहेर पडून शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. दाखल्यात आकडे आहेत, ही गोष्ट महत्त्वाची. राजाने आधी हिशेब मागितला आहे. ख्रिस्ती क्षमेची सुरुवात वही उघडण्याने होते, वही नव्हतीच असे म्हणण्याने होत नाही.

येथे त्या ग्रीक क्रियापदाची आणखी एक गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. पेत्र आणि अंद्रिया यांनी जाळी टाकून येशूचा मार्ग धरला, तेथे मत्तयाने हेच क्रियापद वापरले आहे; आणि येशूसाठी घरदार, आईबाप, मुलेबाळे सोडणाऱ्यांना जे आश्वासन आहे, तेथेही हेच. म्हणजे घर सोडणारा आणि ऋण सोडणारा या दोघांची क्रिया एकाच शब्दाने सांगितली गेली. मराठी 'सोडणे'तही हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात. टिळक आणि लक्ष्मीबाई यांची कथा या एका क्रियापदाच्या दोन अर्थांमध्ये घडली, असे म्हटले तर ते अतिशयोक्त होणार नाही. एकाने ख्रिस्तासाठी घर सोडले. दुसरीने त्या सोडण्यातून निर्माण झालेले ऋण सोडले. पहिल्या सोडण्याचा गौरव चरित्रांनी केला आहे. दुसऱ्याची नोंद मात्र दुसरीने स्वतः ठेवली, तेव्हाच झाली.

टिळकांना ख्रिस्ताकडे ओढणारा सर्वांत मोठा प्रभाव डोंगरावरील प्रवचनाचा होता, हे सर्वज्ञात आहे. आगगाडीच्या प्रवासात भेटलेल्या एका पाश्चात्त्य सहप्रवाशाने दिलेला नवा करार वाचताना ते त्या अध्यायांनी भारावून गेले. त्याच प्रवचनात असे सांगितले आहे की, वेदीपाशी दान आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर दान तेथेच सोडावे, आधी जाऊन समेट करावा आणि मग दान अर्पावे. (याही ठिकाणी क्रियापद तेच!) टिळक वेदीपाशी गेले तेव्हा त्यांच्या पत्नीच्या मनात त्यांच्याविषयी पुष्कळ काही होते. समेट पाच वर्षांनी झाला. टिळक निष्ठुर नव्हते. पत्नीची ओढ त्यांना सतत होती आणि त्यांनी तिच्यावर धर्म लादला नाही, हे 'स्मृतिचित्रे'च सांगते. पण क्रम उलटला, ही वस्तुस्थिती राहते. चरित्रकाराने धर्मांतर हा टिळकांच्या जीवनाचा मध्यबिंदू मानला, की पत्नीची पाच वर्षे ही पतीच्या श्रद्धेची कसोटी होऊन बसतात. 'स्मृतिचित्रे'त तीच पाच वर्षे एका बाईची स्वतःची पाच वर्षे आहेत. एवढ्या एका स्थानांतराने या ग्रंथाला नैतिक वजन आले आहे.

लक्ष्मीबाईंची वही बारकाईने लिहिलेली आहे. तिची सुरुवात सासरपासून होत नाही, माहेरपासून होते. वडिलांना जडलेले सोवळ्याचे वेड, घरात येणारी वस्तू धुऊन घेण्याचा त्यांचा अट्टहास आणि त्यापायी घरातल्या बायकामुलांचे झालेले हाल यांचे वर्णन करताना त्या वडिलांना सोडत नाहीत. पण त्या वेडामागे घरावर कोसळलेली आपत्ती होती, हेही सांगायला विसरत नाहीत. कारण देणे म्हणजे समर्थन करणे नव्हे, हा विवेक पहिल्या प्रकरणांपासून आहे. पुढे तापट सासरे येतात. मग टिळक. घरात उद्याची सोय नसताना खिशातला पैसा दुसऱ्याला देऊन मोकळे होणारे टिळक. बायकोला शिकवायला बसून तोल घालविणारे टिळक. न सांगता निघून जाणारे आणि परत आल्यावर काहीच घडले नाही अशा उत्साहाने बोलणारे टिळक. या प्रसंगांची मांडणी पाहिली तर तिच्यात एक ठरावीक हालचाल आढळते. प्रथम प्रसंग जसाच्या तसा, संवादांसह. कोणताही तपशील सौम्य केलेला नाही. मग स्वतःचा वाटा : आपला हट्ट, आपले अज्ञान, आपण केलेले उट्टे. आणि नंतर हसू.

या हसण्याचे कार्य नीट समजून घेतले पाहिजे. उपहासातही हसू असते. पण उपहास हा ऋण व्याजासह वसूल करण्याचा मार्ग आहे. उपहास करणारा वाचकाला साक्षीला बोलावतो आणि निकाल लावून घेतो. लक्ष्मीबाईंचे हसू निकालाची वाट पाहत नाही. ते घटनेचे गांभीर्य कमी करीत नाही, घटनेवरचा आपला दावा कमी करते. वाचक टिळकांवर रागावतो, आणि त्या रागावर लेखिकेने कोठेही पाणी ओतलेले नसते. तरी पान उलटता उलटता त्याला जाणवते की, ज्यांच्या वतीने आपण रागावलो आहोत, त्या कधीच पुढे निघून गेल्या आहेत. 'विनोद' या एका शब्दाने ही क्रिया उरकणे हा समीक्षेचा आळस झाला.

ताटातुटीच्या वर्षांत मात्र हे हसू वारंवार थांबते. बातमी आल्यानंतरचा आघात, मन ठिकाणावर न राहणे, नाशिक आणि पंढरपूर येथील नातलगांच्या आश्रयातले दिवस, कुंकू असून नवरा नसल्याची विचित्र स्थिती, लहान मुलाला सांभाळण्याची धडपड, या सगळ्यांत गद्याची लय बदलते. वाक्ये आखूड होतात. भोवतालची माणसे तिला पतीपासून दूर ठेवू पाहतात, तिच्यावर लक्ष ठेवतात. आणि तीच माणसे तिला जेवूखाऊ घालतात, रात्री उशाशी बसतात. लक्ष्मीबाई या माणसांची विभागणी शत्रू आणि मित्र अशी करीत नाहीत. धर्मांतराच्या वाङ्मयात मागे राहिलेले आप्त बहुधा अंधाराचे प्रतिनिधी म्हणून येतात. येथे ते माणसे म्हणून येतात, कारण लेखिका स्वतः कित्येक वर्षे त्यांच्यातली एक होती.

यावर एक वजनदार आक्षेप संभवतो. लक्ष्मीबाई पतीकडे गेल्या, तेव्हा त्या ख्रिस्ती नव्हत्या. मग क्षमा ख्रिस्ती कशी? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देताना परत जाणे आणि क्षमा करणे यांत भेद करावा लागतो. परत जाण्यामागे पत्नीधर्म, प्रेम, मुलाचे हित, एकटेपणा अशी अनेक कारणे असू शकतात. त्या निर्णयावर कोणत्याही एका धर्माने हक्क सांगू नये. उलट त्या गेल्यानंतरही आपले आचारविचार सांभाळून राहिल्या, ही गोष्ट अधिक बोलकी आहे. जातीचा, शिवाशिवीचा प्रश्न त्यांनी पतीच्या शब्दाखातर सोडविला नाही. स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या गतीने सोडविला आणि मगच बाप्तिस्मा घेतला. दुखावणाऱ्याशी समेट करूनही त्याच्याशी असहमत राहण्याची जागा त्यांनी राखली. सोशिकपणाला ही जागा ठाऊक नसते. सोसणारी बाई मत देत नाही. लक्ष्मीबाई देतात, आणि टिळकांना ते ऐकून घ्यावे लागते.

क्षमा ज्या अर्थाने ख्रिस्ती म्हणता येईल, ती कथनात आहे. तीन दशकांहून अधिक काळ ख्रिस्ती प्रार्थना रोज म्हटलेल्या बाईने साठी ओलांडल्यावर वही उघडली आणि ऋण सोडताना प्रत्येक रक्कम मोठ्याने वाचून दाखविली. ती वाचली नसती, तर पुढच्या पिढ्यांना केवळ एक थोर कवी आणि त्याची समंजस पत्नी दिसली असती. तेव्हा क्षमेसाठी विस्मरण लागते ही समजूत या ग्रंथापुढे टिकत नाही. ग्रंथाच्या नावातच स्मृती आहे.

बाबा पदमनजींच्या 'अरुणोदय'शी तुलना केल्यास वेगळेपण अधिक उठून दिसते. १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या पदमनजींचे आत्मचरित्र हे मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे एक आद्य लेणे आहे आणि त्याची वैचारिक बैठक 'स्मृतिचित्रे'हून अधिक पक्की आहे. पण तेथे क्षमा ही देव आणि पापी मनुष्य यांच्यातील, वरून खाली येणारी गोष्ट आहे. सत्यासाठी निघून जाणाऱ्याच्या नजरेने ती कथा लिहिलेली आहे; घरी राहिलेल्या आईबापांचे दुःख त्यात आहे, पण ते ओलांडायचे दुःख म्हणून आहे. लक्ष्मीबाई मागे राहिलेल्याच्या बाजूने बोलतात. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात घरी राहिलेला थोरला भाऊ शेवटी दाराबाहेर उभा असतो, आणि तो आत गेला की नाही हे लूक सांगत नाही. त्या भावाला आपले आत्मचरित्र लिहावेसे वाटले असते, तर ते कसे झाले असते, याची थोडीशी कल्पना 'स्मृतिचित्रे'वरून येते. फरक इतकाच की येथे घर सोडून गेलेला उधळ्या नव्हता, तो देवाच्या शोधात गेला होता. त्यामुळे त्याच्याविरुद्ध तक्रार करणे दुप्पट कठीण होते.

या क्षमेला मर्यादा आहे आणि लेखिकेला ती कळलेली दिसते. दस्तयेव्हस्कीच्या 'करामाझव बंधूं'मध्ये इव्हान विचारतो की, छळ झालेल्या मुलाच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार त्याच्या आईला तरी आहे काय? स्वतःच्या दुःखापुरती तिने खुशाल क्षमा करावी. मुलाच्या दुःखापुरती नाही. दत्तूच्या बालपणातून वडील पाच वर्षे नाहीसे झाले होते. लक्ष्मीबाई मुलाचे हाल सांगतात, त्याचे प्रश्न सांगतात. पण त्याच्या वतीने खाते बंद करीत नाहीत. ते खाते त्याचे होते. देवदत्त टिळकांनी पुढे आईला लिहिते ठेवले, वडिलांचे साहित्य जपले. त्यांचे उत्तर जे काही असेल ते त्या कामात शोधावे लागेल, आईच्या पुस्तकात नाही.

ऋण सोडण्याच्या या कथेला 'ख्रिस्तायना'ची जोड द्यावी लागते. टिळकांनी ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र आरंभिले आणि सुरुवातीचे काही अध्याय लिहून ते अपुरे ठेवूनच ते गेले. त्यांचे अनेक संकल्प असेच अपुरे राहिले होते. संसारात त्यांची भरपाई कोणी केली, हे 'स्मृतिचित्रे'च्या वाचकाला सांगायला नको. हा संकल्पही लक्ष्मीबाईंनी उचलला आणि साठाहून अधिक अध्याय रचले. काव्य म्हणून या ग्रंथाचे यश विषम आहे. ओवी सरळ धावते, पण गद्यातले ते चपळ, ऐन वेळी वळण घेणारे वाक्य तेथे क्वचितच सापडते. पवित्र विषयाच्या दडपणाने लेखिकेने आपला स्वाभाविक खोडकरपणा बाजूस ठेवलेला दिसतो. तरी साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचावेत. टिळकांची लेखणी कथेच्या पूर्वार्धातच थांबली; मारेकऱ्यांसाठी क्षमा मागणाऱ्या क्रूसावरच्या येशूपर्यंतची वाट लक्ष्मीबाईंना चालावी लागली. ज्याने मागे सोडले, त्याच्याच अपुऱ्या वहीत ती सोडून जाणाऱ्यांची आणि सोडवणाऱ्याची कथा त्या लिहीत होत्या. आणि त्याच काळात दुसरीकडे, नेहमीच्या बोलण्यातल्या मराठीत, टिळकांनी पैसे कसे उधळले याचीही आठवण कागदावर उतरत होती.